प्राध्यापकांची तालीम आणि आपल्या मुली

पहिलीच्या वर्गाला मुळाक्षरं शिकवायची असतील तर आपल्या राज्यात डी.एड. लागतं, शिवाय टीईटी पास व्हावी लागते. नववी-दहावीला शिकवायचं तर पदवी आणि तिच्यावर बी.एड. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीबद्दलचा निकाल आला आणि वीस-वीस वर्षं नोकरी झालेल्या, केस पांढरे झालेल्या शिक्षकांनीही टीईटीची गाइडं विकत आणली. आमच्या ओळखीतल्या एका शिक्षिका तर सुनेसोबत एकाच टेबलावर अभ्यासाला बसतात.

पण हीच मुलं बारावी होऊन कॉलेजात गेली, की त्यांच्यापुढे उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकांना ‘शिकवायचं कसं’ हे कुणी शिकवलेलं असतं का? नेमणुकीसाठी एम.ए. किंवा एम.एस्सी. लागतं, नेट किंवा सेट लागते, नाहीतर पीएच.डी. लागते. नेट-सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर काही प्रश्न असतात हे खरं, पण ते पर्याय निवडून सोडवायचे असतात. त्यासाठी वर्गात उभं राहून एकही पाठ घ्यावा लागत नाही. विषय येतो म्हणजे शिकवता येतं, असं आपण धरूनच चाललो आहोत. आपल्याकडे आलिम आणि मुअल्लिम असे दोन वेगळे शब्द आहेत. जाणणारा वेगळा आणि शिकवणारा वेगळा. एक असला की दुसरा आपोआप होतोच असं नाही.

मी छत्रपती संभाजीनगरमधल्या एका उर्दू हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. बी.एड.ला माझ्या दोन अध्यापन पद्धती होत्या, उर्दू आणि मराठी, आणि गेली वीसएक वर्षं या दोन भाषांच्या मधल्या पुलावर मी उभी आहे. आमची मुलं घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात, बाजारात आणि बसमध्ये मराठी बोलतात, आणि अकरावी सायन्सला गेली की एकदम इंग्रजीत शिकू लागतात. दहावीपर्यंत ती माझ्या नजरेसमोर असतात. पुढचं मला कळतं ते ईदला. शीरखुर्मा प्यायला जुन्या विद्यार्थिनी येतात आणि “टीचर, कॉलेज ऐसा है, वैसा है” अशा गोष्टी निघतात.

त्यातलीच एक मुलगी. वडील रिक्षा चालवतात, आई घरी शिवणकाम करते. आमच्या शाळेत ती पहिल्या तिघींत असायची. बारावी सायन्सला चांगले गुण मिळाले तेव्हा मोहल्ल्यातल्या गुणगौरव समारंभात तिला ट्रॉफी मिळाली, शाल मिळाली, फोटो निघाला. तिने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. त्या वर्षी ती ईदला आली तेव्हा गप्प गप्प होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “टीचर, सर बोर्ड से बातां करते. पीछे मुडते तो घंटी हो जाती.” पहिल्या सत्रात दोन पेपर राहिले. त्याला एटीकेटी म्हणतात, पुढच्या वेळी ते देता येतात, हे तिला माहीत होतं. घरात मात्र ‘मुलगी नापास झाली’ एवढीच बातमी पोचली. बघता बघता स्थळ आलं आणि वर्ष संपायच्या आत निकाह झाला. आज ती सुखात आहे, अल्हम्दुलिल्लाह. सासरी शेजारची मुलं शिकवते. पण तिला जे व्हायचं होतं, ते राहून गेलं.

मी त्या सरांना ओळखत नाही आणि त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ते विद्वान असतील, सज्जनही असतील. मला दिसतं ते एवढंच, की मुलगा नापास झाला तर घर म्हणतं, “पुन्हा बस.” मुलगी नापास झाली तर घर म्हणतं, “पुरे झालं आता.” आपल्या कितीतरी मुलींच्या हातात कॉलेजचं एकच वर्ष असतं. त्या एका वर्षात समोरच्या माणसाला शिकवता येतं की नाही, यावर तिचं पुढचं सगळं ठरतं. म्हणून प्राध्यापकांची तालीम हा फक्त प्राध्यापकांचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. तो आपल्या घरातला प्रश्न आहे.

भाषेची अडचण किती खोल असते, ते एका शब्दावरून पाहा. उर्दू शाळेत आमची मुलं ‘जौहर’ शिकतात, मराठी शाळेत त्यालाच ‘अणू’ म्हणतात आणि कॉलेजात तो ‘अ‍ॅटम’ होतो. ‘सालमा’ म्हणजे रेणू म्हणजे मॉलिक्यूल. ‘कसाफत’ म्हणजे घनता म्हणजे डेन्सिटी. वस्तू एकच असते, पण मुलीला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. तिला येत असतं. फक्त तिच्या शब्दांवरून पलीकडे नेणारं कुणी भेटत नाही.

हा प्रश्न नवा नाही. आपला भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १९१८ साली, हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि तिथे विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळं उर्दूतून शिकवायचं ठरलं. त्यासाठी आधी भाषांतराचं स्वतंत्र खातं उघडलं गेलं. त्याचं काम सुरुवातीला पाहणारे बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांची कितीतरी वर्षं आपल्या औरंगाबादेत गेली. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं कामही त्यांनी इथूनच चालवलं, आणि इथल्या उस्मानिया कॉलेजचे ते प्राचार्य होते. तो काळ गेला, राज्य गेलं, माध्यम बदललं. २३ ऑगस्ट १९५८ रोजी इथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं अशा लाखो मुलामुलींसाठी हे दार उघडलं. पण दार उघडल्यावर आत जे बसले आहेत त्यांना समजेल असं शिकवायचं कसं, हा प्रश्न राहिलाच.

आपल्या देशात या प्रश्नाचा विचार झालाच नाही असं नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने सांगून ठेवलं होतं, की नव्या प्राध्यापकांना कामाच्या सुरुवातीलाच काही आठवड्यांचं उद्बोधन द्यावं आणि त्याची कायमची सोय करावी. १९८३ साली उच्च शिक्षणातल्या शिक्षकांसाठी दुसरा राष्ट्रीय शिक्षक आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते प्रा. रईस अहमद, भौतिकशास्त्राचे अध्यापक. मग १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि १९८७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांमधून अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढायला सुरुवात केली. सुरुवातीला ४८ मंजूर झाली. नव्या प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग आणि जुन्यांसाठी उजळणी वर्ग, अशी त्यांची रचना होती. २०१५ मध्ये त्यांचं नाव मानव संसाधन विकास केंद्र झालं, आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं म्हणून ओळखली जातात. आज देशभरात अशी शंभराहून अधिक केंद्रं आहेत आणि आपल्या विद्यापीठातही एक आहे. या मिशनच्या आठ विषयांपैकी एक आहे विद्यार्थ्यांमधली विविधता आणि सर्वसमावेशक शिक्षण. म्हणजे कागदावर माझी रिक्षावाल्याची लेक त्या अभ्यासक्रमात आहे.

कागदावरून ती वर्गात कशी येते, हे मी माझ्या घरात पाहिलं.

माझा धाकटा भाऊ एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्राचा सहायक प्राध्यापक आहे. आमच्या अब्बांनी मला उर्दू शाळेत घातलं आणि त्याला मराठी शाळेत. त्यामुळे तो दखनी बोलतो, विचार मराठीत करतो आणि उर्दू लिपी त्याला अडखळत वाचता येते. त्याच्या पहिल्या बढतीची वेळ आली. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे या बढतीसाठी अध्यापनपद्धतीवरचा २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग करावा लागतो. त्याने दूरच्या एका केंद्राच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं, आणि गावी नेटवर्कचा भरवसा नाही म्हणून महिनाभर आमच्याकडे राहायला आला. दिवाणखान्यातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला गेला.

पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं. आम्हा शाळामास्तरांच्या प्रशिक्षणात जे होतं तेच इथेही होतं. पाहुण्यांचा परिचय, मग आभार, मग पुन्हा परिचय. एक वक्ते तर स्लाइडमागून स्लाइड वाचतच गेले. आवडीने शिकवावं कसं, या विषयावर ते बोलत होते. दर सत्रानंतर हजेरीची लिंक यायची आणि चाळीसएक प्राध्यापक ती भरायला धावायचे. कॅमेरा बंद करून कुणी भाजी निवडत असेल, कुणी दुसऱ्या तासाच्या वह्या तपासत असेल. धाकटा म्हणायचा, “आपा, सर्टिफिकेट का मामला है, बस.”

दुसऱ्या आठवड्यात एक बाई आल्या. शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी सांगितलं, उद्यापासून तुम्ही शिकवायचं, मी ऐकणार. चार-चार जणांचे गट केले. प्रत्येकाने आपल्या विषयातली एक संकल्पना दहा मिनिटांत शिकवायची, तीही त्या विषयातल्या माणसांना नव्हे, तर इतर तिघांना. मी स्वयंपाकघरात होते, माझे कान टवकारले. हे तर आमचं सूक्ष्म अध्यापन! बी.एड. झालेल्या प्रत्येकाला ते आठवत असेल. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटांचं प्रत्याभरण, बारा मिनिटांत टाचण दुरुस्त करायचं, मग पुन्हा सहा मिनिटांचा पाठ आणि पुन्हा सहा मिनिटांचं प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य. प्रश्न विचारण्याचं एक, उदाहरण देण्याचं एक, फळालेखनाचं एक. ही पद्धत १९६३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली. आमच्याकडे ती बी.एड. कॉलेजात रुजली, पण बाजूच्याच डिग्री कॉलेजाच्या फाटकातून आत शिरायला तिला फार वेळ लागला.

धाकट्याच्या गटात मराठीचे एक सर, इतिहासाचे एक सर आणि कॉमर्सच्या एक मॅडम होत्या. त्याने रसायनशास्त्रातली ‘मोल’ ही संकल्पना घेतली आणि अ‍ॅव्होगॅड्रोच्या संख्येपासून सुरुवात केली. दहा मिनिटं तो धडाधड बोलला. संपल्यावर इतिहासाचे सर नम्रपणे म्हणाले, “सर, मला ‘सिक्स पॉइंट झीरो टू टू’ एवढं ऐकू आलं. पुढे मी हरवलो.” मराठीच्या सरांनी विचारलं, “हे मोल म्हणजे वजन आहे की आकडा?” कॉमर्सच्या मॅडम म्हणाल्या, त्यांना आपला अकरावीतला वर्ग आठवला, म्हणूनच तर त्यांनी कॉमर्स घेतलं.

धाकट्याचा चेहरा उतरला. आठ वर्षं तो हाच भाग ह्याच पद्धतीने शिकवत होता, पण समोरची मुलं कधी असं बोलली नव्हती. मुलं बोलत नाहीत. सरांना ‘समजलं नाही’ म्हणणं बेअदबी वाटते, आणि मुलींना तर चारचौघांत तोंड उघडायचीच भीती. तिघे बरोबरीचे प्राध्यापक होते म्हणून ते खरं बोलले. मला वाटतं, अशा कार्यशाळेचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. शिकवणारा माणूस थोडा वेळ न समजणाऱ्याच्या जागी बसतो.

दुसऱ्या दिवशी तोच पाठ पुन्हा घ्यायचा होता. रात्री जेवणं झाल्यावर तो म्हणाला, “आपा, तुम्हारी वो बी.एड. की पाठ टाचण की वही है क्या अभी?” वही होती. पेटीच्या तळाशी, निकाहच्या अल्बमखाली. पहिल्याच पानावर आम्हाला घोकायला लावलेली अध्यापनाची सूत्रं: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठीणाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. तो ती वाचत बसला. मग आम्ही दोघांनी टाचण लिहायला घेतलं. मला रसायनशास्त्र येत नाही, आणि त्या रात्री तेच उपयोगी पडलं. मी विचारलं, “हे मोल मोजतात की तोलतात?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आपा, तोलून मोजतात.”

मग सोपं झालं. बांगडीवाला डझनाने देतो. डझन म्हणजे बारा, मग त्या काचेच्या असोत की पितळेच्या. नग तेवढेच, वजन वेगळं. पण हार्डवेअरच्या दुकानात खिळे कुणी मोजून देत नाही. तिथे तोलून देतात, आणि सुताराला ठाऊक असतं, की बारीक खिळे किलोत किती बसतात आणि मोठे किती. अणू तर खिळ्यांहून कितीतरी बारीक. ते मोजत बसलं तर उमर संपेल, म्हणून तोलायचे. १२ ग्रॅम कार्बन घ्या किंवा ५६ ग्रॅम लोखंड घ्या, दोन्हींत अणूंची संख्या जवळपास सारखीच. सहाच्या पुढे तेवीस शून्यं लिहिली की होते साधारण तेवढी. त्या संख्येच्या ढिगाला नाव दिलं मोल, जसं बाराला नाव दिलं डझन. मला समजलं. माझी अकरावीतली लेक बाजूला बसून ऐकत होती, ती म्हणाली, “मामू, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या सरांनी त्याला म्हणे टाळी दिली. लॅपटॉपवर टाळी देतात ती.

त्या बाईंनी पुढच्या सत्रांमध्ये जे सांगितलं, त्यातल्या दोन गोष्टी मला शाळेसाठीही फार मोलाच्या वाटल्या, म्हणून इथे सांगते. मेरी बड रो नावाच्या एका अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतात. साधारण एक सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून मोकळे होतात. तेच थांबणं तीन सेकंदांचं केलं, तेव्हा उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीचा विचार करा. तिला इंग्रजी प्रश्न आधी मनात आपल्या भाषेत आणायचा असतो, उत्तर शोधायचं असतं, ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं असतं. एका सेकंदात ती यातलं काहीच करू शकत नाही. तीन सेकंद दिले तर निदान हात वर करू शकते.

दुसरी गोष्ट हार्वर्ड विद्यापीठातली. तिथे एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवायचे आणि मझूर स्वतःला उत्तम शिक्षक समजायचे. १९९० च्या सुमारास त्यांनी वर्गाला बल आणि गती यांवरचे अगदी साधे, रोजच्या भाषेतले प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थ्याने त्यांना विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू, की मला स्वतःला वाटतं तशी? मझूर यांच्या लक्षात आलं, की मुलांनी सूत्रं पाठ केली, समजून घेतलं नाही. तेव्हापासून ते मधेच व्याख्यान थांबवून एक प्रश्न टाकतात, आधी प्रत्येकाला स्वतः उत्तर ठरवायला लावतात आणि मग शेजाऱ्याशी चर्चा करायला सांगतात. जिला नुकतंच समजलं आहे ती मैत्रिणीला सरांपेक्षाही चांगलं समजावते, कारण कुठे अडतं ते तिला ताजं आठवत असतं.

हार्वर्डचं नाव ऐकून आपण चकित होतो, पण आपल्या वारशातही हे आहे. इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिला. त्यात शिकवण्याच्या रीतीवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. विद्यार्थ्याला विषय पायरी-पायरीने द्यावा, असं ते म्हणतात. आधी मुख्य मुद्दे थोडक्यात, मग तेच विस्ताराने, मग तिसऱ्या फेरीत अवघड जागांसह. सुरुवातीलाच शेवटची गुंतागुंत समोर टाकली तर शिकणाऱ्याचं मन थकतं आणि तो त्या इल्मपासूनच दूर पळतो. शागिर्दावर सक्ती केली तर तो आळशी होतो आणि खोटं बोलायला शिकतो, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे. साडेसहाशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं एखाद्या चांगल्या कार्यशाळेत आजही चालेल.

धाकटा कॉलेजात परतला. त्याने एक साधी गोष्ट सुरू केली, तीही त्या वर्गात शिकलेली. तास संपायच्या दोन मिनिटं आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, आज काय समजलं नाही. नाव लिहायचं नाही. भाषा कोणतीही. पहिल्या आठवड्यात निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्याच आल्या. मग हळूहळू भरू लागल्या. शेतकऱ्यांच्या मुलांनी मराठीत लिहिलं, कुणी मोडक्या इंग्रजीत लिहिलं, आणि काही चिठ्ठ्या उर्दूत होत्या. त्या तो रविवारी माझ्याकडे घेऊन आला. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं, की जौहर और सालमा का फ़र्क़ मुझे मालूम है, मगर सर जो बोलते हैं वो इनमें से कौनसा है, ये नहीं समझता. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, “आपा, मला वाटायचं या मुली अभ्यासच करत नाहीत.”

आता त्याच्या वर्गात फळ्याच्या एका कोपऱ्यात दिवसाचे चार शब्द तीन भाषांत लिहिलेले असतात. उर्दू शब्द मुलीच येऊन लिहितात. एवढ्याने सगळ्या पास झाल्या, असं मी म्हणणार नाही. पण एका सत्रात दोन पेपर राहिलेल्या एका मुलीच्या वडिलांना त्याने स्वतः फोन करून सांगितलं, की एटीकेटी म्हणजे शिक्षण संपलं असं नाही, तिला पुढच्या परीक्षेला बसू द्या. ती बसली.

यावरून कार्यशाळा म्हणजे जादूची कांडी आहे असं कुणी समजू नये. त्याच वर्गातल्या कितीतरी जणांच्या हाती फक्त प्रमाणपत्र लागलं असेल. प्रशिक्षण बढतीला जोडलं की माणसं हजर राहतात, पण मन हजर राहीलच असं नाही. शिवाय आपल्या कॉलेजांमधून अनेक जागा रिकाम्या आहेत आणि त्या तासिका तत्त्वावर भरल्या जातात. हे तरुण सीएचबी प्राध्यापक तासावर पैसे घेतात, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात पळतात. त्यांना बढती नाही, कर्तव्य रजा नाही, मग महिनाभराचा वर्ग ते कधी करणार? आणि पहिल्या वर्षाच्या मुलींसमोर पुष्कळदा तेच उभे असतात. ज्या वर्गात आपल्या लेकीचं भवितव्य ठरतं, तिथल्या शिक्षकाला शिकण्याची सोय सगळ्यात कमी आहे. धोरण आखणाऱ्यांनी याकडे पाहायला हवं.

पण आपण पालकही काही करू शकतो. मुलीचा प्रवेश घेताना आपण फी विचारतो, बस विचारतो, मुलींसाठी वेगळी खोली आहे का ते विचारतो. त्याबरोबरच विचारा, की उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलींसाठी सुरुवातीला ब्रिज कोर्स घेता का? शंका विचारायला वेगळा तास असतो का? कॉलेजात पालक मेळावा होतो, तिथे जा. आपल्यापैकी फार थोडे जातात. नॅककडून मुल्यांकनाच्या वेळी विद्यार्थ्यांना ई-मेलवर प्रश्नावली येते, सर कसं शिकवतात, समजतं का, असे प्रश्न त्यात असतात. मुली घाबरून ती उघडतच नाहीत किंवा सगळीकडे ‘उत्तम’ लिहून टाकतात. त्यांना सांगा, खरं लिहा. खरं सांगणं ही बेअदबी नाही. इतिहासाच्या त्या सरांनी माझ्या भावाला खरं सांगितलं नसतं, तर तो आजही तसाच शिकवत राहिला असता.

आणि एक विनंती गुणगौरव समारंभ करणाऱ्या आपल्या जमातींना, अंजुमनांना, मोहल्ला कमिट्यांना. बारावीच्या मुलींना ट्रॉफी जरूर द्या. पण पुढच्या वर्षी, नव्या मुलींचा सत्कार करण्याआधी, गेल्या वर्षीच्या मुलींची यादी काढा आणि प्रत्येकीच्या घरी जाऊन विचारा, पहिलं वर्ष कसं गेलं? कुणाचे पेपर राहिले असतील तर तिच्या अब्बांशी दोन शब्द बोला. त्या दोन शब्दांची किंमत शालीपेक्षा जास्त असेल.

हा अंक ज्या प्राध्यापक बंधू-भगिनींच्या हाती पडेल, त्यांना एक बहीण म्हणून सांगते. पुढच्या वेळी उद्बोधन वर्ग आला, उजळणी वर्ग आला, तर कॅमेरा चालू ठेवा. कंटाळवाणी सत्रं असतील, ती सहन करा, पण स्वतः पाठ घेण्याची संधी आली तर ती सोडू नका. आणि वर्गात परतल्यावर प्रश्न विचारला की मनात तीनपर्यंत मोजा. शेवटच्या बाकावर एखादी मुलगी तिच्या भाषेतून तुमच्या भाषेत येत असेल. तिला पोचायला तेवढा वेळ लागतो.